वाऱ्याच्या तोंडाकडं चला

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून बाहेर जायचो. आमच्या घरात भुताखेतांचा विषय नव्हता, अंगात येणं नव्हतं. नोकरीही अशी, की व्हॉल्व्ह, गॅस्केट, प्रेशर — जे दिसतं आणि तपासता येतं तेवढंच खरं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली. आता ज्यांच्याबद्दल लिहितोय ते बिराजदार साहेबही राहिले नाहीत... तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ऑफिसांच्या पाट्या बदलत होत्या, रस्ते जागोजागी उकरून ठेवले होते, आणि त्यातच पावसानं दगा दिला होता. विहिरींनी तळ गाठला. नळाला गढूळ पाणी यायचं, त्यामुळे ते शुद्ध करायला क्लोरिन जास्त लागायचं. मी पाणीपुरवठ्याच्या स्टोअरला होतो. क्लोरिन गॅसचे भरलेले सिलिंडर नांदेडहून आमच्याकडे यायचे आणि इथून ट्रकनं औसा, निलंग्याला जायचे. ट्रकवर ड्रायव्हर ख्वाजाभाई, सोबत मी.

हा गॅस कसा हाताळायचा याचं ट्रेनिंग द्यायला बिराजदार साहेब नांदेडहून यायचे. कपाळाला भस्म, पांढरा शर्ट, आणि बोलताना 'क' आला की अडखळायचे. "क... क... क्लोरिन हवेपेक्षा जड असतं. पाण्यासारखं खोलगट जागा शोधत जातं," असं सुरू व्हायचं. मग खिशातला रुमाल दोन बोटांत धरून वर उचलायचे. वारा कुठून येतो ते रुमालावरून बघायचं आणि त्याच दिशेनं चालू पडायचं. "वाऱ्याच्या तोंडाकडं चला. चढावर चला. खाली बसू नका. सामान राहू द्या." तीच चार वाक्यं, दर वेळी. पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली आमची माणसं गालात हसायची. साहेब गेले की ख्वाजाभाई त्यांची हुबेहूब नक्कल करायचे, पण ट्रकवर सिलिंडर चढले की प्रत्येकाच्या व्हॉल्व्हवरची टोपी हातानं फिरवून बघितल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत.

साहेबांचं एक म्हणणं होतं — रस्त्यावरच्या गावांनाही हे शिकवावं. वरून परवानगी मिळाली नाही. लोक घाबरतील, ट्रक अडवतील, असं उत्तर आलं. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "ज्यांच्या दारावरून आपण हे नेतो ना, त्यांना क... काहीच माहीत नाही हो." कप तसाच अर्धा ठेवला.

त्या दिवशी दुपारी आम्ही निलंग्याला निघालो होतो. औसा मागं टाकल्यावर एका ओढ्याचा पूल लागतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढा कोरडा ठणठणीत होता, पण वाळूत झिरे खणून बायका तिथं वाटीवाटीनं पाणी भरायच्या. येता-जाता रोज दिसायच्या.

पुलाच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. गाडी सावकाशच होती. तरी मागचं चाक भरावात खचलं, ट्रक एका अंगाला कलला, दोर तुटला आणि एक सिलिंडर उतारावरून गडगडत ओढ्यात गेला. खाली खडकावर आपटल्याचा आवाज आला... आणि मग तो सूंsss आवाज. जुन्या टोपीचे आटे झिजून ती निघाली असावी. व्हॉल्व्ह तुटला होता.

ओढ्यातून हिरवट-पिवळा धूर उठला आणि वर न जाता वाळूवर पसरायला लागला. मास्कची पेटी ट्रकच्या हौद्यात, आणि वास तिथवर आलेला. माझ्या डोक्यात एकच — खाली बायका आहेत. मी ओढ्याकडं धावलो. ख्वाजाभाईंनी माझा दंड धरून मला ओढलं. "साहब ने क्या सिखाया? हवा इधर से हाय, चलो." आम्ही वाऱ्याच्या तोंडाकडे, माळावर चढत गेलो. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं होतं.

माळावर पोचलो आणि बघतो तर सगळ्या बायका तिथंच. बाभळीपाशी उभ्या. पदर ओले करून तोंडाला धरलेले. एकीच्याही हातात घागर नाही.

"तुमी कवा आलात वर?" मी विचारलं.

"लई येळ झाला की," एकजण म्हणाली. "तुमचा सायेब सांगून गेला न्हवं का. गाडी आली बी नव्हती तवा."

"कोणता साहेब?"

"पांढरा सदरा हुता. रुमाल आसा वर धरला, अन् म्हनला, वाऱ्याच्या तोंडाकडं चला, घागरी ऱ्हाऊ द्या. मधीच आडखळायचा बगा बोलताना. आमाला वाटलं, सरकारी मानूस हाय, कायतरी आसंल. म्हनून आलो."

ख्वाजाभाई माझ्याकडे बघायला लागले. माळ उघडा होता, लांबवर दिसत होतं. कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण बाई रडायला लागली. रुक्मिण तिचं नाव. तिची सासू थोड्या वेळापूर्वी खाली गेली होती. तांब्याची घागर माहेरची होती, ती सोडवेना. "मी हात धरला हुता आत्याबाईचा," ती सारखी म्हणत होती, "सायेब बी नगं नगं म्हनत हुता... सुटला माज्या हातातून."

धूर विरळ झाल्यावर ख्वाजाभाई ओला टॉवेल तोंडाला बांधून वाऱ्याच्या बाजूनं उतरले आणि त्या म्हातारीला खांद्यावर घेऊन आले. एका जीपमधून आम्ही तिला लातूरला नेलं. संध्याकाळी ती गेली. रुक्मिण दवाखान्याच्या पायरीवर बसून होती.

ऑफिसात जाऊन मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, बिराजदार साहेब तिकडं आले होते वाटतं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, ते काल नांदेडला कोसळले. उजवं अंग गेलंय, वाचाही गेलीय. दवाखान्यात आहेत. सकाळीच ट्रंककॉल आला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी नांदेडला गेलो. साहेब खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे तेवढे जागे. वहिनी उशाशी होत्या. म्हणाल्या, "कोसळल्यापासून खाट सोडली नाही. एक शब्द नाही."

मी वाकून साहेबांना म्हणालो, "साहेब, काल आपला सिलिंडर फुटला ओढ्यात. खाली बायका होत्या. तुम्ही शिकवलं तसं सगळ्या वाऱ्याच्या तोंडाकडं गेल्या. सगळ्या वाचल्या, साहेब."

म्हातारीचं मी बोललो नाही. त्या अवस्थेतल्या माणसाला काय सांगायचं?

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली — नाही, अशी. मग चांगला राहिलेला डावा हात चादरीतून काढला, आणि एक बोट वर केलं. एकच.

"काय म्हणतायत हो?" वहिनींनी विचारलं.

मी वाकून त्यांची चादर सारखी करत राहिलो.

मी खूप विचार केलाय. लातूरहून माझ्याआधी त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं, वहिनींना अपघाताची गंधवार्ता नव्हती. ओढ्यावर आलेला माणूस दुसराच कुणी असेल, असंही धरून बघितलं. तसा कोणी कधी सापडला नाही.

साहेब पुढं काही महिने होते. मी दोन-तीनदा जाऊन आलो. वाचा परत आली नाही. प्रत्येक वेळी मी त्यांना त्या वाचलेल्या बायकांबद्दल सांगायचो, आणि ते ऐकून घ्यायचे. हात मात्र चादरीतून बाहेर यायचाच... आणि ते एक बोट.