त्वचेला काय वाटेल?

मित्रहो, दुपारपासून चिडचिड होतेय, म्हणून लिहितोय.

माझी नात मुक्ता ऑटिस्टिक आहे. कुडत्याचं लेबलही तिला दिवसभर टोचतं, म्हणून तिचा नवा कपडा आला की आमच्या घरी आधी लेबल उसवतात. प्रयोगशाळेत पेशींपासून त्वचा कशी वाढवतात, हे तिला शिकायचंय. त्यासाठीच आज तिच्यासोबत परळच्या एका संस्थेत प्रवेशाच्या मुलाखतीला गेलो होतो.

भाजलेल्या माणसांना लावायची त्वचा तिथल्या सरांनी दाखवली. मुक्ताने विचारलं, "ही त्या माणसाला टोचेल का? घट्ट वाटेल?"

"अगं, आधी जखम तर झाकू दे. वाटण्याबिटण्याचं नंतर बघू." मग सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काका, हिला नाही झेपायचं."

शाळेत आमचे गुरुजी कविता संपली की पुस्तक मिटून विचारायचे, "काय वाटलं, सांगा." तो प्रश्न नंतरचा नव्हता, तोच पहिला होता.

घरी आल्यावर मुक्ताने माझ्या नव्या सदऱ्याचं लेबल उसवलं. "आजोबा, तुम्ही बोलत नाही, पण सकाळपासून मान खाजवताय."

सरांना हे कळलं नसतं. मग सांगा, ती त्वचा कुणी वाढवायला हवी?