मे महिन्यात भरलेली विहीर

आमच्या केळव्याला उन्हाळ्यात माणसं येतात. आम्ही कुठे जात नाही. ज्याच्या वाडीत पानवेल आहे त्याला तर मे महिना म्हणजे कैदच. वेलीला रोज पाणी हवं, आणि तेही जपून उपसायचं, कारण समुद्र हाकेवर. विहिरीत गोडं पाणी वर, खारं खाली. थोडा वेळ पंप चालवायचा, मग विहिरीला विसावा द्यायचा. शेजारचा कृष्णकांत, माझा दूरचा भाचा, पंप लावण्याआधी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चाखायचा. त्याचा बापही तेच करायचा.

हा माणूस चाळिशी उलटेपर्यंत पालघरच्या पुढे गेला तो कामापुरता. वाडीतल्या दोन खोल्यांत मुंबईचे पाहुणे उतरत. त्यांची मुलं रायगड, पन्हाळा सांगत आणि कृष्णकांतची कुशल आणि दिशा तोंड उघडं टाकून ऐकत. आपण पाहुणे म्हणून कधी जायचं, असं दिशाने एकदा विचारलं, आणि तिची आई मंदा हट्टालाच पेटली. मुलं मोठी झाली की आईबापांबरोबर कोण हिंडतं, हे तिचं म्हणणं. त्यात चूक काय होतं?

गेल्या मेमध्ये अखेर चौघं एसटीने निघाली. वाडी प्रीतमच्या हवाली. प्रीतम कृष्णकांतचा धाकटा भाऊ, बोईसरला कंपनीत असतो, रजा टाकून आला. मुलगा वाईट नाही, पण वाडीत वाढूनही वाडीत कधी राबलेला नाही. खोल्या रिकाम्या कशाला, म्हणून याने पाहुणे घेतले. त्यांच्या पोरांना डुंबायला प्लास्टिकचा हौद मांडला. पंप दिवसभर घुरघुरत होता. पाणी चाखणं वगैरे याच्या डोक्यातही आलं नाही. वेलींना मात्र नेमाने पाणी घालत होता, तेवढं खरं.

कृष्णकांतने पन्हाळ्यावरून फोन केला तेव्हा प्रीतमची स्वारी खुशीत होती.

"दादा, तू बिनघोर फिर. विहीर भरलेली हाय, पाणी हटतच नाय."

मे महिन्यात आमच्याकडे विहीर हटत नाही, याचा अर्थ एकच. समुद्र आत शिरला. कृष्णकांतने पंप बंद करायला सांगितलं आणि फोन ठेवला. त्याच रात्री निघाला असता, टँकरने गोडं पाणी आणून मुळं धुतली असती, तर निम्मा मळा तरी हाती लागला असता. तो निघाला नाही. मंदाला म्हणाला, सगळं बरं हाय. मुलांना तटावर घेऊन गेला. पुढे नरसोबाची वाडी झाली, प्रतापगड झाला. ठरलेलं एकही ठिकाण त्याने गाळलं नाही.

ती परतली तेव्हा मी कुंपणाशीच होते. पानं कडेने करपून काळी पडली होती. पानवेलीच्या मळ्यात चपला घालून कुणी जात नाही, देवळासारखंच ते. मंदाने सवयीने चपला बाहेर काढल्या. कृष्णकांत चपलांसकट आत गेला. वेलींकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तेव्हाच मंदाला कळलं.

"तुमाला ठाऊक होतं?"

"हां."

"मला का नाय सांगितलं? मी तिथनंच मागे फिरली असती."

"म्हणूनच नाय सांगितलं."

मंदा पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुलांना वेलींवर रोग पडला एवढंच सांगितलंय, आणि कुशलला ते पटलेलं दिसत नाही. मळा उपटून प्रीतमने तिथे आणखी खोल्या काढल्या. मंदा आता उन्हाळाभर पाहुण्यांच्या पंगती वाढते. कृष्णकांत तारापूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर बसतो, हिंदीत लोकांची नावं विचारतो आणि मेमध्ये रजा मिळत नाही म्हणतो.

मला आडून विचारता येत नाही. परवा तो भेटला तेव्हा सरळ विचारलं, पस्तावतोस का?



"पोरं सांगतात, गडावरून असं दिसत होतं, तसं दिसत होतं," तो म्हणाला. "मला कायच आठवत नाय, आत्या. मी होतो तिथे, पण डोळ्यांपुढे मळाच होता."