टोचणीबाईंचा दगड

दवाखान्याच्या कागदोपत्री त्या परिचारिका होत्या, पण तिन्ही वस्त्यांवरची पोरं त्यांना टोचणीबाईच म्हणत. सायकलची घंटा ऐकू आली की निम्मी पोरं खाटेखाली.

पहिल्या वस्तीवरून दुसरीकडे जाताना माळावर एक उभा दगड लागे. दोन पुरुष उंच, एका अंगाला जरासा झुकलेला, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा. माणसाला लिहिता यायच्याही आधी कुणीतरी तो उभा केला होता. त्यापलीकडे शाळेतल्या मास्तरांनाही काही ठाऊक नव्हतं.

नवरा गेला त्या वर्षी बाईंची झोपच उडाली. एका दुपारी थकून त्या दगडापाशी थांबल्या. लसीचा डबा सावलीत ठेवला आणि स्वतः उन्हाच्या बाजूला पाठ टेकून बसल्या. दगड ऊबदार होता. केव्हा डोळा लागला, कळलंच नाही.

स्वप्नात कमरेएवढं गवत होतं. पुष्कळ माणसं दोरांनी तोच दगड ओढत होती आणि त्यांच्यात बाह्या सरसावलेला त्यांचा नवरा. बाईंकडे वळून तो म्हणाला, "थांब जरा, एवढा उभा केला की आलोच."

"बाई! अहो बाई!"

डोळे उघडले तर भोवती बायकाच बायका, कडेवर पोरं. दुसऱ्या वस्तीवरच्या बायका वाट पाहून पाहून शोधायला निघाल्या होत्या.

"किती शोधलं तुम्हाला," एक आजी म्हणाली. "म्हटलं, सायकलवरून पडल्या की काय!"

बाई ओशाळल्या. आधी डबा उघडून पाहिला. बर्फ शाबूत होता.

"आता आलोच आहोत, तर इथंच टोचा की," आजी म्हणाली.

टोचल्यावर अर्धा तास थांबायचा नियम होता. पोरं रडली, मुसमुसली, मग एकेक करून झोपली. वारा गवतातून हलकेच येत होता. बोलता बोलता आयांच्याही माना कलल्या.

पुढच्या महिन्यात बाई पोचायच्या आत बायका दगडापाशी हजर! तिसऱ्या वस्तीवरच्यासुद्धा.

"घरी बसलं की कामं दिसतात," त्यांच्यातली एक म्हणाली. "इथं अर्धा तास कुणी हाक मारत नाही."

बाईंना ते स्वप्न पुन्हा पडलं नाही. पण त्या अर्ध्या तासात त्याही डुलकी काढत. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी दोन संशोधक मोजपट्टी घेऊन आले.

"हा दगड कशासाठी उभा केला असेल? तुमच्याकडे काय सांगतात?"

लहानपणी स्वतः तिथंच टोचून घेतलेली एक आई तान्ह्याला थोपटत म्हणाली, "लस टोचायला! आणखी कशाला?"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. संशोधकांनीही हसत हसत ते लिहून घेतलं.

आता नवी परिचारिका स्कूटरवरून येते. दवाखान्याच्या फळ्यावर वस्त्यांची नावं पुसून 'बुधवार, दगडापाशी' असं लिहिलंय. बाई निवृत्त झाल्या, तरी बुधवारी चपला घालून निघतातच.

"आई, आता तुझं काय काम तिथं?" मुलगी विचारते.

"पोरांचे पाय धरायला कुणीतरी लागतं गं," असं म्हणून त्या चालूही लागतात.