सहा किलोच्या आत

चहा बशीत ओतायचे आणि पहिला घोट घेण्याआधी बशी जराशी हलवून बघायचे. फोन वाजला की आधी उभे राहायचे, मग उचलायचे. भरलेल्या पोत्यावर कधी बसायचे नाहीत. रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसायचे नाहीत. मागे जागा नसेल तर दुसरी रिक्षा येईपर्यंत थांबायचे. मोजताना ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. कुणाच्या हातात पिशवी दिसली की तिच्याकडे बघून ‘पावणेचार किलो’ असं काहीतरी पुटपुटायचे आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. मांजराशी लाडानं बोलायचे नाहीत. माणसाशी बोलावं तसं बोलायचे.

पुंजाराममामांबद्दल कुणी विचारलं तर प्रियदर्शनीला एवढंच सांगता येतं. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. या दिवसांत तिघाचौघांनी विचारलं, “तुमचे कोण होते ते?” दोघांची घरमालकीण एक होती, उषाबाई. नातं म्हणावं तर तेवढंच.

जुन्या जालन्यात उषाबाईंच्या घरी खालची खोली मामांची, जिन्यावरची प्रियदर्शनीची. एम.ए. होऊन तिला दोन वर्षं झाली होती. दुपारी ती एका क्लासमध्ये मराठी शिकवायची. मामा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडतीवर आला की तो तोलायचा आणि प्रत्येक पोत्याचा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. बायको, झुंबरबाई, नऊ वर्षांपूर्वी वारली. मुलगी रूपाली भोकरदनला दिलेली. खोलीत ते आणि सोनी.

सोनी मोंढ्यातलीच. एका आडत दुकानानं उंदरांसाठी ठेवलेली. ते दुकान बंद झालं तेव्हा मामांनी तिला पोत्यात घालून घरी आणलं. घरी उंदीर नव्हते. दूध होतं, डब्यातलं कोरडं खाणं होतं, दिवसभर झोप होती. तीन वर्षांत ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून धापा टाकू लागली. मोंढ्यातले हमाल तिला क्विंटल म्हणायचे.

मग जूनमध्ये तिच्या पोटाखाली लिंबाएवढा फुगवटा दिसला. मामा वर आले आणि दारातच म्हणाले, “माय, जरा चल संगं. डॉक्टर विंग्रजी बोलला तर मला कळायचं न्हाई.”

डॉक्टर मराठीतच बोलले. फुगवटा म्हणजे अंतर्गळ, हर्निया होता, ऑपरेशन करून टाके घालावे लागणार होते. त्यांनी सोनीला काट्यावर ठेवलं. सात किलो तीनशे.

“एवढ्या वजनात मी हिला भूल देणार नाही. उठली नाही तर? सहाच्या आत आणा, मग बघू.”

“आठ दिवसात आणतो,” मामा म्हणाले.

“अजिबात नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं, जीव जातो. आठवड्याला सत्तर-ऐंशी ग्रॅम उतरले तरी पुष्कळ. आणि तोवर ते आतडं अडकलं तर धावत या. तेव्हा वजन बघत बसणार नाही मी. पण मग भरवसाही देणार नाही.”

दूध बंद झालं, कोरडं बंद झालं. उकडलेली कोंबडी सोनीनं हुंगली आणि पाठ फिरवली. कच्ची मात्र खाल्ली. प्रियदर्शनीनं दोन दिवस मोबाइलवर वाचलं आणि पुन्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांना कच्चं फारसं पसंत नव्हतं, पण त्यांनी कागदावर लिहून दिलं. मांस, थोडं दिल, मानेची हाडं बारीक दळून, कलेजी विसावा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि त्यांच्याकडची एक पावडर. भांडी वेगळी. हात साबणानं. दिवसाला दीडशे ग्रॅम, दोन वेळा मिळून. त्याच्या वर काही नाही.

मामांनी जन्मात मटण-मासळीला हात लावला नव्हता. पहिल्या रविवारी ते चिकनच्या दुकानात गेले आणि तळहात पुढे करून म्हणाले, “नमुना दाखवा.” दुकानदार बघतच राहिला. “मामा, हे सोयाबीन न्हाई.” तरी त्यांनी एक तुकडा हातावर घेतला, उजेडाकडे धरला, बोटानं दाबला आणि मगच मान हलवली.

फ्रीज प्रियदर्शनीकडे होता. त्यामुळे रविवारी पुड्या तिच्याच खोलीत भरल्या जायच्या. मामा आपला जुना हातातला तराजू घेऊन वर यायचे. एका पारड्यात पन्नासाचं, विसाचं आणि पाचाचं वजन, दुसऱ्यात दळलेलं मांस. लाभ, दोन, तीन, अशा चौदा पुड्या. रोज सकाळी पावणेसातला दारावर दोन टकटक. ती दार उघडून आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवलेल्या दोन पुड्यांतली एक द्यायची, दुसरी संध्याकाळी. तिची झोप त्या टकटकीला बांधली गेली होती.

शनिवारी संध्याकाळी लिलाव आटोपले की सोनीचं वजन व्हायचं, मोंढ्यातच. मामा तिला पोत्यात घालून छोट्या काट्यावर ठेवायचे आणि बारदान्याचे पाचशे ऐंशी ग्रॅम वजा करायचे. हमाल जमायचे.

“मामा, ह्या मालाला कडता किती?” राधेश्याम विचारायचा. तो त्यांच्या काट्यावरचा हमाल. कडता म्हणजे तोलताना मालाच्या वजनातून कापतात ती तूट.

“शेपटी कापा की कडत्यात,” दुसरा.

“तुझी जीभ कापतो आधी,” मामा म्हणायचे आणि आकडा पुकारायचे.

पहिल्या शनिवारी सात तीनशे. दुसऱ्या शनिवारी सात तीनशे. चौथ्या शनिवारी सात तीनशे वीस.

“क्विंटल भरून राह्यलं की हो मामा.”

मामांनी पोतं उचललं. घरी येऊन सरळ उषाबाईंच्या दारात उभे राहिले.

“उषाबाई, मांजराला काय घालता?”

“मी? माझ्या नातवाला दूध पुरंना, अन् तुमच्या म्हशीला घालू?”

“मंग वजन वाढून कसं राह्यलं?”

“मला काय विचारता? मापाडी तुम्ही का मी?”

मामा आठ दिवस उषाबाईंशी बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी प्रियदर्शनी पिशव्यांची तोंडं बांधत समोर बसली होती. मामांनी मांस टाकलं. काटा मधोमध आला. मग त्यांनी दोन बोटांनी आणखी चिमूटभर टाकलं. पारडं खाली गेलं आणि स्टुलाला टेकलं. टक्. पुढची पुडी. काटा मधोमध. चिमूट. टक्. तिसऱ्या पुडीला तिनं विचारलं.

“मामा, काटा बरोबर झाला होता. वरून टाकलं ते काय?”

“झुकतं.”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? सपाट माप कोणी हातात देतं का, माय? समोरच्याचं मन न्हाई भरत.”

“समोर मांजर आहे मामा.”

“मांजर झालं म्हणून काय झालं?”

तिच्याकडे पोहे-रव्यासाठी घेतलेला बॅटरीचा काटा होता. तिनं ती चिमूट त्याच्यावर ठेवली. सोळा ग्रॅम. दिवसाला बत्तीस. चौदा पुड्यांत दोनशे चोवीस. सात दिवसांत सोनी साडेआठ दिवसांचं खात होती. तिनं हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. मामांनी कागद हातात घेतला नाही. वाकून वाचला. बराच वेळ वाचला.

“म्हंजे मीच,” ते म्हणाले.

मग हात धुतले, खाली गेले. वरून तिला ऐकू आलं.

“उषाबाई, तुमचं नाव घेतलं ते चुकलं माझं. मीच घालून राह्यलो होतो.”

“असू द्या. आठ दिवस तुम्ही बोलले न्हाईत, मला तेवढाच आराम.”

सपाट माप द्यायला त्यांना फार जड गेलं. काटा मधोमध आला की ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवायचे. पुडी बांधून होईपर्यंत सोडायचे नाहीत. प्रियदर्शनी म्हणाली, मी तोलते. ते म्हणाले, न्हाई, मला जमलं पाहिजे. दोन-तीन रविवारी ती पुडी उचलायला पुढे झाली की त्यांचा हात नकळत मांसाकडे जायचा आणि ते स्वतःवरच चिडायचे. “सवय न्हाई, खोड हाय ही.”

मग वजन उतरू लागलं. सात दोनशे तीस. सात एकशे साठ. पोळ्याच्या सुमारास सोनी सातच्या आत आली. दसऱ्याला ती जिना न थांबता चढली आणि प्रियदर्शनीच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

“माल सुकला मामा,” राधेश्याम म्हणाला.

“सुकला न्हाई. वाळवलाय.”

“घट किती धरली?”

“एक किलो. बराबर एक किलो.” आणि आकडा त्यांनी असा पुकारला की पलीकडच्या गाळ्यातला मुनीम बाहेर आला. सहा किलो तीनशे!

सोयाबीनचे दिवस होते. मोंढ्यात ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. मामा सकाळी सोनीला खाऊ घालून आठला निघायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दिवाळीनंतरच्या शनिवारी सोनी सहा दोनशे दहा भरली. “आता तीन आठवडे,” ते म्हणाले. “बिलकुल तीन.”

गुरुवारी दुपारी राधेश्यामचा फोन आला. प्रियदर्शनी क्लासमध्ये होती. फळ्यावर समासाची उदाहरणं अर्धी लिहून झाली होती.

“ताई, मामा बसले.”

“बसले म्हणजे?”

“काट्याजवळ बसले. उठून न्हाई राह्यले.”

पंचेचाळीसावं पोतं त्यांनी पुकारलं होतं. शेहेचाळीसावं काट्यावर चढलं आणि आकडा आला नाही. हमालांना वाटलं, ठसका लागला असेल.

दवाखान्यात तिला एक खुर्ची मिळाली. ती बसली. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायली. भोकरदनहून रूपाली आली, तिच्या गळ्यात पडून रडली. प्रियदर्शनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कुठे ठेवायचा हे कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. संध्याकाळी सगळं उरकून ती घरी आली, फ्रीज उघडला. मामांच्या हातच्या पाच पुड्या होत्या. एक खाली नेऊन मामांच्या खोलीत सोनीपुढे ठेवली.

सोनीनं हुंगली आणि खाटेखाली गेली.

शुक्रवारी सकाळी तेच. शुक्रवारी संध्याकाळी तेच. पुडी काढायची, वाटी कोमट पाण्यात धरून थंडी मोडायची, पुढे ठेवायची, तासाभरानं टाकून द्यायची. पाचाच्या चार झाल्या, तीन झाल्या, दोन झाल्या. तिनं डॉक्टरांना फोन केला.

“उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. नळीनं द्यावं लागेल. थांबू नका.”

“बरं,” ती म्हणाली. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

शनिवारी सकाळी राधेश्याम मामांचा डबा आणि टोपी द्यायला आला. कामावर जाता जाता आला होता, अंगावर कालचेच कपडे, मामांचे असायचे तसेच सोयाबीनच्या धुळीनं पांढरट झालेले. तो खोलीत आला नाही. उंबऱ्यावर बसला. प्रियदर्शनी वाटी हातात घेऊन उभी होती.

सोनी खाटेखालून बाहेर आली. त्याच्या पँटची मोहरी हुंगली, गुडघा हुंगला, परत मोहरी हुंगली. मग त्याच्या पायाशी बसून राहिली. प्रियदर्शनीनं वाटी तिथेच फरशीवर ठेवली.

“तिच्याकडं बघू नका ताई,” राधेश्याम हळूच म्हणाला. “खाऊ द्या.”

दोघं गल्लीकडे बघत बसले. भाजीवाला आला. उषाबाईंनी त्याच्याशी दोडक्यावरून भांडण काढलं. मागून चाटण्याचा आवाज येत होता. वाटीत निम्मं उरलं तेव्हा सोनी उठली. पस्तीस ग्रॅम तरी गेले असतील. त्यानंतर राधेश्याम आठ दिवस रोज सकाळी उंबऱ्यावर येऊन बसला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी रूपालीनं खोली रिकामी केली.

“ताई, मांजर?”

“माझ्याकडे राहील.”

“आमच्या घरी कुत्रं हाय, न्हाईतर नेलं असतं.” ती थांबली. एक गाठोडं तिनं प्रियदर्शनीच्या हातात दिलं. “हे तिच्याचसाठी दिसतं. मला काय करायचं ते कळंना.”

प्रियदर्शनीनं गाठोडं न उघडता फ्रीजवर ठेवलं.

रविवार येत राहिले. ती चिकनच्या दुकानात जाते. दुकानदार काही विचारत नाही. बॅटरीच्या काट्यावर पंच्याहत्तर ग्रॅम, चौदा वेळा. पावणेसातला जाग येते. दारावर काही वाजत नाही, तरी ती उठून दार उघडते. आता तिथे सोनी असते. शनिवारी राधेश्याम मांजर मोंढ्यात नेतो. कुणी चेष्टा करत नाही आणि आकडा कुणी पुकारत नाही. तो प्रियदर्शनीच्या मोबाइलवर पाठवून देतो. सहा एकशे पन्नास. सहा शंभर. सहा साठ. एका आठवड्यात काहीच नाही. मग सहा वीस.

गेल्या शनिवारी आला, पाच नऊशे सत्तर.

ती तो आकडा बघत राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मंगळवारी सकाळी दहा. आदल्या रात्रीनंतर खायला काही नाही. आणि हातात धरून आणू नका, भेदरून पळेल. हवा खेळेल अशा कशात तरी बंद करून आणा.

सोमवारी सकाळी तिनं फ्रीजवरचं गाठोडं काढलं. आत नव्या बारदान्याची, मामांनी शिवायला घेतलेली एक पेटीसारखी पिशवी होती. तळाला प्लायवूडचा तुकडा, एका अंगाला मच्छरदाणीच्या जाळीची खिडकी, वर दुहेरी सुतळीचा बंद. खिडकीच्या कडेला टाके इतके जवळ होते की नख शिरत नव्हतं. तीन बाजू शिवून झाल्या होत्या. चौथी चार बोटं शिवलेली होती आणि तिथून खाली उघडी होती. शेवटच्या टाक्यात दाभण तसंच खोचलेलं होतं. त्याच्या मागे हातभर सुतळी.