आप्पांचा कान आणि विजेचा पंखा

गॅरेजमधलं काळं तेल आणि गॅरेजमधले किस्से, दोन्ही कितीही पुसा, कोपऱ्यात थोडे उरतातच. तेल निदान साबणाने निघतं. परळच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, पण गेल्या दोन वर्षांत जेवढे किस्से साठले तेवढे आधी कधी साठले नव्हते. आणि ते सगळे एका पंख्यावरून! छताचा नव्हे, ट्रकच्या इंजिनापुढचा, रेडिएटर थंड करणारा.

आमच्यात दोन पक्ष होते. एक आप्पा परब. मुख्य मेकॅनिक, मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. त्यांचा पंखा जुना, पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. इंजिन फिरलं की तो फिरणार, मग गरज असो वा नसो. दुसरा निलेश, आमच्या मालकीणबाई सुलभाताईंचा भाचा, इंजिनीअर. त्याचा पंखा विजेवरचा. पाणी तापलं की चालू, निवलं की बंद. मधे मी, दोघांना नटबोल्ट पुरवायला.

* * *

आप्पांचं सगळं काम कानावर. गाडी गल्लीत शिरली की पंख्याच्या आवाजावरून ते दुखणं सांगायचे, तेही पाठ फिरवून, चहा पिताना.

एकदा असाच कप तोंडाला लावलेला असताना म्हणाले, "पट्टो सैल झालो हा. गाडी आत घेवा."

मी बाहेर जाऊन पाहिलं तर गल्लीत गाडीच नव्हती. मिलच्या जागेवर जो टॉवर झालाय, त्याचा जनरेटर चालू होता. निलेश खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. आठवडाभर त्याने आप्पांना "टॉवर गरम झालाय का हो?" विचारून सळो की पळो केलं.

आठव्या दिवशी टॉवरचा मेंटेनन्सवाला आला आणि विचारू लागला, आमच्या जनरेटरचा पट्टा तुटलाय, तुमच्याकडे मिळेल का. मी स्टोअर उघडायला इतक्या आनंदाने कधी गेलो नव्हतो.

* * *

पहिला विजेचा पंखा बसवला तो शिंदे ड्रायव्हरच्या गाडीत. संध्याकाळी शिंदे आले, इंजिन बंद केलं आणि पंखा चालूच. पाणी तापलेलं असलं की तो थोडा वेळ चालतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवून पाहिली, काढून पाहिली. पंखा चालूच. मग ते किल्ली हातात घेऊन सीटवर बसून राहिले.

उतरा म्हटलं तर म्हणाले, "तिचं झाल्याशिवाय कसा उतरू?"

आप्पा बोनेटपाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "मालक निजलो तरी गडी पंखो ओढता हा."

निलेश चिडला. म्हणाला, तुमचा पंखा थंडीतसुद्धा फुकट फिरतो आणि डिझेल खातो. घरात कुणी नसताना तुम्ही पंखा चालू ठेवता का?

आप्पांनी खरंच विचार केला. त्यांच्या चाळीतल्या खोलीत सात माणसं राहतात.

"आमच्या घरात कोण नाय, असा कधी झालाच नाय."

* * *

शेवटी ताईंनी दोन गाड्या सारखाच माल भरून कसारा घाटातून नाशिकला पाठवल्या. एकीत जुना पंखा, दुसरीत विजेचा. दोन्ही सुखरूप परत आल्या. विजेच्या पंख्याच्या गाडीला डिझेल कमी लागलं आणि निलेशने पेढे वाटले.

पण त्या गाडीचे शिंदे माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, मला जुनी गाडी द्या. का, तर आवाजच नसल्यामुळे जोडीदार ड्रायव्हरने आपल्या सासरवाडीच्या जमिनीची केस इगतपुरीपर्यंत ऐकवली. येताना अपील ऐकवलं.

* * *

मग ताईंनी ठरवलं की सगळ्या गाड्यांना विजेचे पंखे बसवायचे. तपासणी निलेशच्या लॅपटॉपवर होणार, म्हणजे गेटवर आप्पांच्या कानाची गरज नाही. आप्पांनी गणपतीपासून घरी आराम करावा. ताई प्रेमानेच म्हणाल्या, पण आप्पांचा चेहरा उतरला आणि मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, थेट माझ्या स्टोअरमध्ये आल्या.

"सुधीरा, तेंका घरी धाडू नको रे बाबा. मी मिक्सर लावलंय काय म्हणतत, बेअरिंग गेला. शेजारचे भाऊ घोरूक लागले काय म्हणतत, सायलेन्सर बदलूक होयो. दिवसभर घरी बसले तर मी खय जाव?"

मी म्हटलं, काकू, माझ्या हातात नटबोल्टच आहेत.

* * *

आणि मग तो सोमवार. नव्या पंख्याची गाडी माल भरून पुण्याला निघाली होती. ताई स्वतः गेटवर. निलेशने लॅपटॉप बघून सांगितलं, पंखा चालू, फुल स्पीड, जाऊ द्या.

आप्पा म्हणाले, "वाईच थांबा." त्यांनी पेपरचं एक पान काढलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरलं. पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून बसायला हवा. त्यांनी हात सोडला आणि कागद उडाला तो थेट निलेशच्या तोंडावर!

"चालू तर आहे ना," निलेश कागदाआडून म्हणाला.

"चालू असा. पण उलटो."

खरंच, पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या आणि पंखा उलटा फिरून हवा बाहेर ढकलत होता. घाट चढताना गाडी नक्की उकळली असती. निलेश शपथेवर सांगत होता की शनिवारी त्याने स्वतः वायरी बरोबर जोडल्या होत्या. ताईंनी विचारलं, तो कुठल्या बाजूला फिरतोय हे लॅपटॉपला कळत नाही का? निलेशने लॅपटॉप मिटला.

तिथल्या तिथे हुकूम निघाला. पंखे विजेचेच राहतील, पण आप्पांनी हो म्हटल्याशिवाय एकही गाडी गेटबाहेर जाणार नाही. गणपतीनंतरसुद्धा. आप्पा हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकू घावण्यांचा डबा घेऊन आल्या. चेहरा असा खुललेला की विचारू नका.

"सुटलंय बाबा. आयतवारी तर नुसतो वैताग होतो. नातीची ब्याटरीवरची मोटार उघडून बसले. लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या जागी. मोटार उलटी पळूक लागली, नात रडाक लागली. इचारलंय, ह्या काय चल्ला हा? तर म्हणतत, अभ्यास करतंय."

मी डब्याचं झाकण उघडलं.

"काकू," मी म्हटलं, "चटणी फार छान झालीये."