पुस्तकात नसलेला महिना

आमच्या आसगावात सध्या ज्याले त्याले स्वतःले शोधाची बीमारी लागली आहे. कारण भूपेंद्र. याच गावचा पोट्टा, आता नागपुरात मास्तर, डोक्याचे केस पिकले, अन् त्यानं आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिलं. दारूडा बाप, मारझोड, उपासमार, आई माहेरी निघून गेलेली, सारं लिहिलं. झालं, गाव पुस्तकावर तुटून पडलं. त्याचं दुःख वाचाले नाही, बरं का. आपण कोणत्या पानावर आहोत ते पाहाले. जनाबाईनं त्याले कधी तरी पसाभर भात दिला होता, तेवढं पुस्तकात आलं, तर बाई आता नळावर कोणाले ओळख देत नाही.

आमच्या घरी मात्र सगळे चिडीचूप. भय्याजी म्हणजे माझे सासरे, मी त्यांले मामाजी म्हणते. त्यांचं नाव पुस्तकात कुठंच नाही.

आता मामाजी कोण, ते सांगते. धानाची शेती आहे, पण माणसाचा जीव मंडईत. आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगावी मंडई भरते. दुकानं, दंडारीचा नाच, नाटक, पाहुणे, नुसती धमाल. मामाजींचा लाकडी झुला आहे, चार पाळण्यांचा, हातानं फिरवाचा. आधी बैलगाडीवर न्यायचे, आता टेम्पोत. सत्तरी उलटली तरी दुसऱ्याले हात लावू देत नाहीत. अन् खोड अशी, का वर गेलेलं पोरगं रडलं तर झुला तिथंच थांबवायचे, पोराले उतरवून मांडीवर घ्यायचे अन् तोंडानं कोंबड्याचा आवाज काढायचे. खाली रांगेतले लोक बोंबलत राहतात, यांले काही घेणंदेणं नाही. मी कितीदा म्हटलं, मामाजी, तुमचा धंदा झुल्याचा आहे का कोंबड्याचा?

तर हा भूपेंद्र. धान कापून झालं का त्याच्या बापाचं पिणं वाढे. मग मामाजी त्याच्या दारात जायचे अन् म्हणायचे, "पोट्ट्याले नेतो, झुल्यासाठी माणूस पायजे." एवढासा जीव, तो काय झुला फिरवेल? पण दरसाल मंडईचा अख्खा महिना तो यांच्या गाडीवर. यांच्याच डब्यातलं जेवला, यांच्याच घोंगडीत झोपला. माझ्या सासूबाई जिवंत होत्या तोवर हेच सांगत.

पुस्तक आलं तेव्हा रोज दुपारी छपरीत बसून मीच वाचून दाखवलं. मामाजींनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आणखी एकदा वाच." दुसऱ्यांदा संपलं तशी मी भडकले. म्हटलं, "जनाबाईचा पसाभर भात याले आठवला, अन् तुमचा महिना नाही? काय माणूस आहे हा?"

"तू उगीच बडबड नोको करू," म्हणाले, अन् उठून धानाच्या बांधीकडं गेले. त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आलं. दिवाळी तोंडावर, अन् म्हणतात यंदा मंडईले जात नाही. मग मात्र माझा जीव खालीवर व्हाले लागला.

माझी पोरगी रक्षा पवनीच्या कॉलेजात बी. ए. करते. तिच्या सरांनी नेमकं हेच पुस्तक अभ्यासाले दिलं होतं. व्यक्तिरेखा कशा आहेत, आशय काय आहे, असं लिहून आणाचं होतं. ती पेन्सिल घेऊन बसली. म्हणाली, "आई, हा बाप नुसता वाईट नाही. मारते, अन् मग त्याच पोराच्या पाठीले तेल चोळते. लेखकाले बापाचा राग बी येते अन् कीव बी."

"बापाचं जाऊ दे. तुह्या आज्याचं काय ते पाहा," मी म्हटलं.

तिनं पुन्हा पानं चाळली. मग म्हणाली, "आजाच नाही, मंडईच नाही. दरवर्षी दिवाळीच्या पणतीवर प्रकरण संपते, अन् पुढचं सुरू होते तर एकदम कडाक्याची थंडी. मधला महिना कोणत्याच वर्षात नाही. विसरला असता तर एखाद्या वर्षी विसरला असता नं."

मले ते काही पटलं नाही. राग आला का मले काहीच पटत नाही.

मग गावच्या वाचनालयानं भूपेंद्रचा सत्कार ठेवला. रक्षा पुस्तकावर बोलणार होती. मामाजींनी तिले बजावलं, "त्याले काही विचारू नोको. बिचारा लाजंल." अन् स्वतः धुतलेली टोपी घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पोरगी कोणाची? माझी. बापाबद्दल बोलली, आईबद्दल बोलली अन् मग सरळ माइकवरच विचारलं, "सर, तुमच्या पुस्तकात मंडईचा महिना काहून नाही?"

भूपेंद्रनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटच्या रांगेकडं पाहून म्हणाला, "काकाजी, तो महिना लिहिला होता. सर्वात आधी तोच लिहिला. पण पूर्ण पुस्तक वाचून पाहिलं तर वाटे, हे पोट्टं तर मजेत आहे, याले दुःख कायचं? बाकीची पानं खोटी वाटाले लागली. म्हणून काढला. घरी ठेवला आहे जपून. कधीमधी मीच वाचतो."

माझा राग तिथंच गळून पडला. मामाजी हळूहळू उभे झाले.

"मले नावाचं काही नाही, बापू. आमच्या सुनेले वाटते मी त्यासाठी रुसलो. अख्ख्या पुस्तकात तू रडूनच राहिला. म्हटलं, माह्यापाशी बी हे पोट्टं मनातल्या मनात रडतच होतं का काय, अन् मी आपला झुला फिरवत बसलो, मले दिसलंच नाही."

"नाही काकाजी," भूपेंद्र म्हणाला. "तिथं नव्हतो रडत."

"मंग झालं," मामाजी म्हणाले, अन् खाली बसले.