गारीगारच्या खोक्याचा आडोसा

हौसेखातर सायकल मारणाऱ्या माणसांविषयी जळकोटच्या वैजनाथचं मत फार वाईट होतं. एकतीस उन्हाळे त्यानं गारीगार विकलं होतं. कॅरेजला लाकडी खोकं, त्यात गोणपाटात गुंडाळलेला लाल-पिवळा काडीचा बर्फ, हँडलला रबरी पोंगा आणि डोक्याला ओला टॉवेल. सकाळी नळदुर्गला बर्फाच्या कारखान्यात माल भरायचा आणि तो वितळायच्या आत चार गावं करायची. ऊन कुठं चावतं आणि वारा कधी फिरतो, हे त्याला कुणी मोबाईलवर दाखवायची गरज नव्हती. पोट सुटलं म्हणून भर उन्हाळ्यात सायकल चालवणारी माणसं धाराशिवात आहेत, हे ऐकून हसावं की थुंकावं, हेच त्याला कळत नसे.

आणि त्यात त्याची स्वतःची लेक. करिश्मा धाराशिवला सरकारी कचेरीत क्लार्क होती आणि तिथल्या सायकल ग्रुपची सेक्रेटरी. ग्रुपच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘सायकल चालवा, शंभर वर्षं जगा’. हीच करिश्मा पाडव्याला घरी आली तेव्हा बापाला म्हणाली, “आबा, आता तुमची सायकल बंद. लोक मला नावं ठेवतात, बापाला उन्हात फिरवते म्हणून.” त्याच्या बायकोनं, बानूबाईनंही लेकीची री ओढली. मे महिन्यातल्या एका सोमवारी भंगारवाल्यानं येऊन सायकल न्यायची, असा निरोपसुद्धा गेला. लेकीपुढं वैजनाथचं कधी चाललं नव्हतं, म्हणून तो “बरं” म्हणाला. पण सायकलीशिवायचा दिवस कसा असतो हे त्याला आठवत नव्हतं, आणि त्या विचारानंच त्याचा जीव तुटत होता.

“त्येंनी चालिवली की आरोग्य, आन् म्या चालिवली की दळिंद्र,” एवढंच तो बायकोला म्हणाला.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे त्याच्या सायकलच्या शेवटच्या रविवारी, करिश्माचा ग्रुप धाराशिवहून जळकोटला येऊन परत जाणार होता. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर. पहाटे पाचला निघून नऊला पोचायचं ठरलं होतं. ते आले साडेअकराला. झेंडा दाखवणारे पाहुणे उशिरा आले होते, आणि मग बावीस जणांना बावीस शाली, बावीस नारळ आणि तीन भाषणं. अजून ज्यांनी एक पायडलही मारलं नव्हतं, त्यांचा सत्कार उरकण्यात पहाटेचा गारवा संपून गेला. टोप्या, हातमोजे, काळे चष्मे आणि अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून ते गावानं घातलेल्या मांडवात शिरले, तेव्हा वैजनाथ कडेला पोंगा धरून उभा होता.

सरपंच आण्णासाहेबांनी आधी सगळ्यांना फेटे बांधले. मग पंगत बसवली. आमरस, पुरी, भजी. आपल्याकडं पाहुण्याला पोटभर म्हणून चालत नाही. तो हात जोडून उठायला लागला की मगच खरं वाढणं सुरू होतं. बाराच्या उन्हात फेटे बांधलेली ती माणसं चौथ्या वाटीला ‘नको नको’ म्हणत होती आणि पीतही होती.

वैजनाथला राहवेना. तो ग्रुपच्या अध्यक्षापाशी गेला. हा दिग्विजय, धाराशिवात फरशीचं दुकान.

“साहेब, रस आवरा आन् पाचपातुर सावलीला पडा. येताना वारं पाठीवर हुतं. जाताना तोंडावर यायलंय.”

दिग्विजयनं मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. “काका, येताना ताशी सव्वीसचं ॲव्हरेज पडलंय आमचं. पाचला धाराशिवात प्रमाणपत्रं वाटायची आहेत.”

“त्ये ॲव्हरेज वाऱ्याचं हाय, साहेब. तुमचं न्हाय.”

दोघं-तिघं हसले. करिश्मा शेजारीच बसली होती. ती मान वर न करता हळूच म्हणाली, “आबा, घरी जा. ऊन आहे.” शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू. आपले वडील शेती बघतात, असं तिनं ग्रुपात सांगून ठेवलं होतं. वैजनाथला त्याची कुणकुण होती. आज खात्री झाली आणि ती फार झोंबली.

सव्वाएकला बावीस जण शिट्ट्या मारत निघाले. पाणी आणि औषधं घेऊन मागं राहायचं ते टेम्पोचं काम. पण टेम्पोवाला ईरण्णा पाच वाट्या रस पिऊन टेम्पोखालीच घोरत पडला होता. “येईल मागनं,” दिग्विजय म्हणाला.

“मरा,” वैजनाथ स्वतःशीच म्हणाला आणि घरी आला. पण आढ्याकडं बघत पडणं त्याच्यानं होईना. वीस मिनिटांनी त्यानं पाण्याचे दोन कॅन हँडलला अडकवले, मिठाची पुडी खिशात टाकली, उरलेल्या गारीगारचं खोकं आवळलं आणि टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळला. बानूबाईनं कुठं म्हणून विचारलं. “तुझ्या लेकीचं आरोग्य बघाया,” तो म्हणाला.

पाच किलोमीटरही झाले नव्हते. एका कडुलिंबाखाली बावीसच्या बावीस जण आडवे पडले होते. कुणाच्या पिंढऱ्या वळल्या होत्या, कुणाचा रस रस्त्याच्या कडेला पडला होता. दिग्विजयचा फेटा सुटून लांब बाभळीत अडकला होता. ईरण्णाला फोनावर फोन चालले होते. फोन टेम्पोत वाजत होता आणि ईरण्णा खाली घोरत होता. करिश्मा खोडाला टेकून बसली होती. तिचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

वैजनाथ सायकल लावून सरळ तिच्यापाशी गेला. बर्फावरचं ओलं गोणपाट काढून त्यानं तिच्या मानेवर टाकलं आणि मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. मग बाकीच्यांना गारीगार वाटलं. लाखाच्या घरातल्या सायकली घेऊन आलेली ती माणसं पोरांसारखी काड्या चोखत बसली. कुणी उठायला लागलं की वैजनाथ एवढंच म्हणे, “पड खाली.” पाच वाजले. तिकडं धाराशिवात प्रमाणपत्रं टेबलावर पडून होती.

साडेपाचला त्यानं सगळ्यांना उठवलं. वारा अजून तोंडावरच होता. “म्या म्होरं. खोक्याच्या मागं एकामागं एक या. आडुसा सुटला तर तुमचं तुमी बघा.” त्याच्या मागं करिश्मा आणि तिच्या मागं तिचा अख्खा ग्रुप. गारीगारच्या खोक्यामागं शेपूट धरून ही वरात दिवस मावळता मावळता नळदुर्गात शिरली. ईरण्णा डोळे चोळत टेम्पो घेऊन तिथंच येऊन ठेपला.

सायकली टेम्पोत चढल्या आणि दिग्विजयच्या अंगात पुन्हा अध्यक्ष संचारला. “काका, तुमचा एक फोटो पाहिजेच! करिश्मा मॅडम, ओळखता का तुम्ही यांना?”

करिश्मा म्हणाली, “माझे वडील.”

“ते शेती बघतात ना?”

वैजनाथ दोन महिने याच घडीची वाट बघत होता. “काढा फोटू,” तो म्हणाला. “सायकलचा बी नीट काढा. उद्या भंगारात जायलीय ती. ह्या मॅडमनीच सांगून ठिवलंय.”

टेम्पोवरच्या ‘शंभर वर्षं जगा’च्या फलकाकडं दोघा-तिघांची नजर गेली आणि लगेच खाली वळली. करिश्माचं तोंड बघून वैजनाथला वाटलं होतं तितकं बरं काही वाटलं नाही.

ती त्याच्याजवळ आली. धाराशिवची भाषा कुठल्या कुठं गेली होती. “लाज वाटायची मला, आबा. तुमी दारोदार पोंगा वाजवीत फिरताव म्हनून.”

“आन् आता?”

“आता पाय दुखायलेत,” ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत रडायला लागली.

रडणाऱ्या लेकीचं काय करायचं हे त्याला कधीच जमलं नव्हतं. त्यानं खोकं उघडलं. तळाशी एकच गारीगार उरलं होतं, निम्मंअर्धं वितळलेलं. ते त्यानं तिच्या हातात दिलं.

“उद्या भंगारवाला आल्यावर काय सांगू?” त्यानं विचारलं.

नाक पुसत ती म्हणाली, “सांगा, सायकल कामावर गेलीया.”